वीतभर मातीखाली

पहारीचं टोक वितळून त्याचा गोळा झाला होता.

विद्युत निरीक्षक बाईंनी पहार उचलून पाहिली आणि खाली ठेवली. वसाहतीच्या बागेत माळी खड्डा खणत होता आणि पहार थेट अकरा हजार व्होल्टच्या केबलवर बसली. दोन्ही हात भाजले, जीव तेवढा वाचला. आता जो तो हात झटकत होता. न विचारता खणलं, चूक त्याचीच! अहवालात तसंच गेलं असतं तर बिचाऱ्याची भरपाईही गेली असती आणि नोकरीही.

"माळ्याला बोल लावू नका हो," म्हणाले ते फक्त काका. काका म्हणजे वसाहतीतले निवृत्त मास्तर. डोक्यावरच्या तारा जमिनीखाली घालाव्यात म्हणून त्यांनीच आकाशपाताळ एक केलं होतं. कालपासून ते दवाखान्यातच बसून होते, आत्ताच तिथून आले होते.

बाईंनी केबल टाकणाऱ्या मुकादमाला विचारलं, "चर तुम्हीच खणला होता ना? केबल किती खोल?"

"कमरेइतकी. वर विटांचा थर. अगदी नियमाप्रमाणे."

"मग इथं वीतभरावर कशी आली?"

"माती वाहून गेली असेल, बाई."

"आणि विटा? त्याही वाहून गेल्या?"

मुकादमानं काकांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

बाईंनी आजूबाजूला खणायला लावलं. दोन्ही बाजूंना विटा सापडल्या, केबलही खोल होती. फक्त कोपऱ्यातल्या झाडापाशी ती वर चढली होती. तिच्याखाली दंडाएवढं जाड मूळ होतं, आणि त्यावर कुऱ्हाडीचा साधा ओरखडाही नव्हता.

"मुकादमाला झाडाचं काय सोयरसुतक?" बाई म्हणाल्या. "मूळ तोडून तो सरळ पुढे गेला असता. कुणीतरी त्याला अडवलं. ज्यांच्यामुळे हे काम मिळालं, त्यांचा शब्द तो कसा मोडणार? माळ्याची कड घेणारेही तेच एकटे. काका, झाड कुणी लावलंय?"

"हिनं," काका म्हणाले. "जायच्या आदल्या वर्षी. म्हटलं, केबल तेवढ्यापुरती मुळावरून गेली तर काय बिघडतंय? तारा वर होत्या तेव्हा निदान दिसत तरी होत्या. ही मी लपवली."

"इथं खणू नकोस, एवढं तरी माळ्याला सांगायचं!"

"त्यानं कारण विचारलं असतं. मला तोंड नव्हतं सांगायला. माझंच नाव लिहा, बाई."

"लिहिणारच. मुकादमाचंही."

तेवढ्यात माळ्याची बायको त्याचं सामान न्यायला आली. बाईंनी तिला विचारलं, "खड्डा कशासाठी खणत होते?"

"बाक बसवायला. काका रोज झाडापाशी उभे असतात, पाय दुखत असतील, असं हे म्हणाले. काकांना आधी सांगायचं नव्हतं." मग ती काकांकडे वळली. "शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच विचारलं त्यांनी, काका. झाडाला तर काही झालं नाही ना?"

काकांनी झाडाच्या बुंध्यावर हात टेकला. बसायला तिथं काहीच नव्हतं.