सतरावा विरोध

पुठ्ठ्यावर आखलेल्या तक्त्यात तीनशे चोवीस चौकोन होते. स्वतःच स्वतःला विरोध करता येत नाही, म्हणून त्यांतले अठरा आधीच शाईने काळे केलेले. उरलेल्या तीनशे सहांपैकी तीनशे पाच चौकोनांत अकराव्या आठवड्याअखेर फुल्या पडल्या होत्या. एक रिकामा होता. आडव्या ओळीत नाव सहदेव परब, उभ्या ओळीत मालन गावडे.

घाटकोपरला पंतनगरातल्या एका शाळेत, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, मधुकर सरांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरे. साल १९८६. नोकरी करणारी अठरा माणसे सातवीच्या मुलांच्या बाकांत गुडघे आक्रसून बसत. सरांचे मत असे, की आपला माणूस इंग्रजीत अडतो तो ‘नाही’ म्हणताना. होकाराला नुसती मान हलवली तरी भागते. म्हणून बारा आठवडे त्यांनी फक्त विरोध शिकवायला घेतला. पहिल्या दिवशी एक डबा फिरला. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचा विरोधाचा वाक्प्रचार आपला मानायचा आणि वर्ग संपेपर्यंत तोच वापरायचा. दहा अर्धवट येण्यापेक्षा एक अंगात मुरलेला बरा. प्रमाणपत्राची अटही सरळ होती: ज्याच्या विधानांना उरलेल्या सतराही जणांनी निदान एकेकदा विरोध केला, आणि ज्याने त्या प्रत्येकाला उत्तर दिले, त्यालाच ते मिळेल. विरोध झाला, की सर तक्त्यात फुली मारत: करणाऱ्याचे नाव आडव्या ओळीत, ज्याला केला त्याचे उभ्या.

मालनच्या चिठ्ठीवर ‘आय बेग टू डिफर’ होते — क्षमा असावी, पण मला हे पटत नाही. शेजारी बसणाऱ्या वनमालेला, जी नर्स होती, ‘पिग्ज माइट फ्लाय’ आले. डुकरांना पंख फुटले तर हेही होईल. सहदेवला आले ‘ओव्हर माय डेड बॉडी’. सरांनी अर्थ फळ्यावर लिहिला — माझ्या प्रेतावरून जाल, तरच. वर्ग हसला. सहदेव हसला नाही. त्याने चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली.

मालन विक्रोळीच्या एका रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करी. तिथे ज्येष्ठ विश्लेषकाची जागा रिकामी झाली होती. मुलाखत वर्ग संपल्यानंतरच्या सोमवारी, इंग्रजीत, आणि अर्जासोबत इंग्रजी संभाषणाचे प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक. सहा वर्षे ती ज्यांच्या हाताखाली नमुने तपासत होती, ते साहेब तिचेच निष्कर्ष बैठकीत स्वतःच्या नावावर सांगत. तिला त्या बैठकीत बसायचे होते. वाटेत एक चौकोन होता.

सहदेवला विरोध करता येत नव्हता असे मुळीच नाही. तो कन्नमवारनगरात राहणारा, कारखान्यांतले दाबमापक तपासून दुरुस्त करणारा कारागीर. उठण्याआधी तो बाकावर नखाने दोनदा हलकेच टिचकी मारी. काटा अडकलेला नाही ना, हे पाहायची त्याच्या धंद्यातली ती सवय. मग तो समोरच्याचे म्हणणे आधी स्वतः मांडे — आणि ते मूळ माणसाने मांडले होते त्याहून नेटके. ते ऐकून समोरचा सुखावला, की शांतपणे, आवाज न चढवता, ‘ओव्हर माय डेड बॉडी’. रंगीत दूरचित्रवाणी संच ही गरज आहे, असे पोस्टातल्या दशरथने म्हटले, तेव्हा त्याने दशरथची बाजू इतकी छान मांडली की दशरथने टाळी वाजवली, आणि पुढच्या क्षणी बिचारा भुईसपाट झाला. असा विरोध मालनने आजवर पाहिला नव्हता. तिच्या कारखान्यात विरोध म्हणजे आवाज. इथे एक माणूस दुसऱ्याला खोडण्याआधी त्याचा मान राखत होता. तो बोलायला उठला, की ती पेन खाली ठेवून ऐकू लागली. आणि आपण पेन खाली ठेवतो हे तिच्या फार उशिरा लक्षात आले.

आता प्रश्न रिकाम्या चौकोनाचा.

मालनने तो रीतीप्रमाणे हाताळला. पहिली शक्यता योगायोगाची. सहदेवने एकूण एक्केचाळीस वेळा विरोध केला होता. सतरा जणांत तो सहज वाटला गेला असता, तर एक ठरावीक माणूस पूर्णपणे वगळला जाण्याची शक्यता शंभरात आठ. टाकून द्यावी इतकी ती लहान नव्हती, विश्वास ठेवावा इतकी मोठीही नव्हती. दुसरी शक्यता, तिचे सगळे त्याला पटते. ही तपासता येण्यासारखी होती. एका गुरुवारी ती उभी राहिली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाली, की घाटकोपरमध्ये पाणी साठ अंशांवर उकळते. तिने टिचकीसाठी कान टवकारले. सहदेवने मान खाली घातली आणि पेन्सिलीला टोक करू लागला. वनमालाच शेवटी डुकरे उडवायला उठली. बाईमाणसाला काय विरोध करायचा, असे त्याला वाटत असेल ही तिसरी शक्यता. पण वनमालेला त्याने चार वेळा खोडले होते. मग उरले एवढेच, की कारण मालनमध्ये आहे. हे मात्र तिला लागले. ज्याच्या विरोधाची आपण वाट पाहावी, त्याने आपल्याला विरोधाच्याही लायकीचे समजू नये!

वनमाला म्हणाली, “अगं, सरळ विचार ना त्याला. एवढा हिशेब तर आमचे डॉक्टरही करत नाहीत.”

शेवटच्या आठवड्याच्या मंगळवारी वर्ग सुटताना पावसाची भुरभुर होती. सहदेव व्हरांड्यात छत्री उघडायच्या बेतात असताना मालनने त्याला गाठले. तो थांबला. छत्री अर्धी उघडी, अर्धी मिटलेली.

“माझा एक चौकोन रिकामा आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“सोमवारी माझी मुलाखत आहे.”

“तेही माहीत आहे… वनमालाताई बोलल्या.” तो पागोळीकडे पाहत राहिला. “तुम्ही काळजी करू नका. गुरुवारी मी नाव काढून घेतोय. चिठ्ठी लिहून ठेवली आहे. मी वर्गातच नाही म्हटल्यावर तुम्हाला सोळाच विरोध लागतील, आणि सोळा झालेत.”

मालनला हिशेब कळला, बरोबर होता. पण त्यात त्याचे स्वतःचे बारा आठवडे पाण्यात जात होते, आणि त्याला त्याचे प्रमाणपत्र का हवे आहे हे त्यानेच एकदा वर्गात सांगितले होते. मोठ्या कंपन्यांतली यंत्रे परदेशी, त्यांची माहितीपत्रके इंग्रजीत, आणि तंत्रज्ञ म्हणून आत जायचे तर साहेबाशी वाद घालता यायला हवा.

“म्हणजे एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी तुम्ही नोकरी सोडणार?”

“मिळालेली नाही, ती सोडणार कशी?”

“शब्दांत पकडू नका. का बोलत नाही तुम्ही?”

“सरांकडे दोनदा चिठ्ठी बदलून मागितली. नाही म्हणाले. ते वाक्य… तुम्हाला नाही म्हणवत मला.”

“सोळा जणांना म्हणवलं!”

“हो,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. मग छत्री तिच्या हातात देऊन तो भिजत निघून गेला. मालनने या कृतीची नोंद घेतली. अर्थ लावायचे तिने धाडस केले नाही, पण छत्रीची मूठ घरी पोचेपर्यंत उबदार वाटत होती, हे खरे.

दोन दिवस तिने विचार केला. ‘म्हणवत नाही’ याचे दोन अर्थ संभवत होते. एक तिरस्काराचा, दुसरा… दुसऱ्याचे नाव तिने मनातही घेतले नाही. दोन्हींत निवाडा करील असे विधान हवे होते. ज्याला गप्प राहणे हेही उत्तर ठरेल असे. शेवटी ते सापडले. तो गप्प बसला, तर मुलाखत वाचेल आणि बाकीचे सगळे जाईल.

गुरुवारी सहदेवने वर्ग सुरू होताच सरांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. सरांनी ती उघडण्याआधी मालन उभी राहिली आणि म्हणाली, की तिला एक शेवटचे विधान मांडायचे आहे. सरांनी मान हलवली. तिने जुळवून ठेवलेले इंग्रजी वाक्य सावकाश उच्चारले. त्याचा आशय असा होता: हा वर्ग आज संपतो, उद्यापासून सहदेव परब आणि मालन गावडे यांनी एकमेकांना पुन्हा भेटू नये, हेच योग्य.

वनमालेने ओठांवर रुमाल धरला. मालन सरळ समोर पाहत होती.

सहदेव उठला. यावेळी त्याने समोरच्याची बाजू आधी मांडली नाही.

“ओव्हर माय डेड बॉडी,” तो म्हणाला. आणि लगेच, श्वासही न घेता, घाईघाईने मराठीत, “सुटली म्हण. मालन, सुटली म्हण आधी.”

मालनने त्याच्याकडे पाहिले. तिचे आजोळ कुडाळचे. त्या एका शब्दासरशी सगळे तिच्या ध्यानात आले.

“सुटली,” ती म्हणाली. “सुटली, सुटली, सुटली.”

सरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिले. उत्तर इंग्रजीत नाही, अशी हरकत त्यांना घेता आली असती. त्यांनी ती घेतली नाही. सहदेवची चिठ्ठी न उघडता फाडली आणि शेवटच्या चौकोनात फुली मारली.

शाळेच्या फाटकाबाहेर चालता चालता ती म्हणाली, “तुझा यावर विश्वास आहे?”

“नाही,” सहदेव म्हणाला. “मी दाब मोजतो गं, भुतं नाही. पण जिचा निकाल सोसवणार नाही, ती चाचणी मी घेत नाही.”

“आणि बाकीचे सोळा?”

“आई म्हणते, परक्याक शपत लागणा नाय.”

कारण असे होते. ‘माझे मेलेले तोंड बघशील’ ही कोकणातल्या घरांत सर्वांत जड शपथ मानली जाते, आणि ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती उतरत नाही. इंग्रजी वाक्प्रचार सहदेवला ऐकू येई तो या शपथेसारखा. शपथ परक्या माणसाला लागत नाही, फक्त आपल्या माणसाला लागते. वर्गातली सोळा माणसे त्याला परकी होती.