सोडायला आलेली

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. त्या रात्रीच्या सगळ्या व्हॉइस नोट्स अजून माझ्या फोनमध्ये आहेत. दोनदा डिलीट करायला घेतल्या, पण हिंमत झाली नाही.

मी क्षिप्रा. सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये राहते, वन-नॉर्थ भागातल्या एका लॅबमध्ये नोकरी करते. नवरा शैलेंद्र जहाजावर सेकंड इंजिनिअर. चार-पाच महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी.

आणि हो, मी संशयी आहे. आधीच सांगून टाकते. बंदरोबंदरी फिरणाऱ्या माणसाची बायको म्हणत असेल की मला कधी शंका येत नाही, तर ती थापा मारतेय.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. रविवार, सकाळचे सहा. शैलेंद्रकडे तेव्हा शनिवारच्या रात्रीचे दहा वाजले होते. जहाज पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या बंदरात लागलं होतं. शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी घेऊन तो जवळच्या अक्रा शहरात पायी भटकत होता. बरोबर थर्ड इंजिनिअर कुशल होता, पण त्याचं पोट बिघडलं आणि तो लवकर परत गेला.

नव्या शहरात पायी फिरायचं आणि चालता चालता मला व्हॉइस नोट पाठवायची, ही शैलेंद्रची जुनी सवय. मी इकडे चहा पीत ऐकते.

पहिल्या नोटमध्ये स्वारी खुशीत होती.

"क्षिप्रा, इथे रात्री कोणी घरात बसतच नाही गं! रस्त्यावरच टेबलं, रस्त्यावरच गाणी. आलं-मिरची लावून तळलेली पिकलेली केळी खाल्ली. तुला जाम आवडली असती."

दुसऱ्या नोटमध्ये मागे मोठमोठ्याने गाणी चालू होती.

"एका गल्लीत मांडव घातलाय. लग्न दिसतंय कोणाचं तरी. सगळे लाल-काळे कपडे घालून नाचतायत. मला हाताला धरून बसवलं, आधी पाणी दिलं, मग भात. नवरीचा केवढा मोठा फोटो लावलाय! थांब, पाठवतो."

तिसरी नोट चालतानाची होती. गाणी लांब गेलेली. शैलेंद्रच्या बुटांचा आवाज येत होता.

टप... टप... टप...

आणि त्याच्या मागे अजून एक आवाज...

चट... चट... चट...

स्लिपर. बाईच्या.

मी कप खाली ठेवला. टाइप केलं, "बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. का गं?"

मी ती नोट तीनदा ऐकली. मध्येच तो पाणी प्यायला थांबला होता...

तेव्हा स्लिपरही थांबल्या होत्या.

माझं डोकंच सणकलं. मी सरळ फोन लावला.

"खरं सांग, कोण आहे ती?"

"सकाळी सकाळी काय सुरू केलंस हे?"

"मला चपला ऐकू येतायत, शैलेंद्र."

"अगं, रस्ता रिकामा आहे. थांब, दाखवतोच."

त्याने व्हिडिओ चालू केला आणि फोन गोल फिरवला. बंद शटर. एक दिवा. लांबवर एक कुत्रं. बाकी कोणीच नाही.

पण आवाज येतच होता. आता अगदी जवळून...

चट... चट...

तेवढ्यात आमची सात वर्षांची तन्वी डोळे चोळत बाहेर आली. माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली आणि तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणाली,

"ममा, हू इज दॅट आंटी? वॉक सो स्लो, लाह."

स्क्रीनवर मला फक्त शैलेंद्रचा चेहरा दिसत होता.

मी तन्वीला आत पिटाळलं. त्याने पाठवलेला मांडवाचा फोटो उघडला आणि मोठा केला. फुलांच्या चौकटीत एका तरुण बाईचा हसरा चेहरा. खाली नाव.

नावाखाली दोन तारखा होत्या.

एक जन्माची. दुसरी तीन आठवड्यांपूर्वीची.

"शैलेंद्र... ते लग्न नव्हतं. त्या बाईचं मयत होतं."

मी कुठेतरी वाचलं होतं, तिकडे मयत काही आठवड्यांनी करतात, लाल-काळे कपडे घालून, नाचत-गात.

"निघताना तू कोणाशी काय बोललास?"

"एक म्हातारी बाई होती. आई असेल तिची. तिला नमस्कार केला आणि... येतो म्हटलं."

"कसं म्हटलंस?"

"इंग्लिशमध्येच. आय विल कम अगेन."

मयताच्या घरून निघताना आपण कधी 'येतो' म्हणत नाही. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या, चालू पडायचं. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हा शहाणा लग्नघर समजून पाहुणचार घेत बसला होता!

"मग ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, आमच्याकडे पाहुण्याला एकटं पाठवत नाहीत. ती येईल तुला सोडायला."

"ती म्हणजे कोण?"

"मला वाटलं, घरातली एखादी मुलगी. पाच मिनिटं थांबलो. कोणी आलंच नाही, म्हणून निघालो."

आलं होतं.

मी त्याला फोन ठेवू दिला नाही. तो टॅक्सीत बसला. आवाज थांबला. बंदराच्या गेटशी उतरला... पुन्हा चट... चट... तो गेटच्या आत गेला, आणि मग काही नाही. जहाजावर पोचल्यावर मी त्याला डोक्यावरून अंघोळ करायला लावली. वाटलं, सुटलो.

ऑक्टोबरमध्ये तो घरी आला. वाळलेला, गप्प गप्प. रोज संध्याकाळी एकटाच खाली फिरायला जायचा. विचारलं तर म्हणायचा, "असंच." मी पुन्हा संशय घेतला. एकदा तो झोपलेला असताना त्याचा फोन तपासला. एकही बाई नाही, एकही मेसेज नाही.

खरं सांगते, एखादी बाई निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

जानेवारीत कंपनीचं नवं कॉन्ट्रॅक्ट आलं. तेच जहाज, तीच बंदरं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, नाही म्हणायचं. तो ते सांगायला कंपनीच्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात गेला आणि सही करून आला.

"का?" मी किंचाळलेच.

"शब्द दिलाय, क्षिप्रा."

अगदी शांतपणे म्हणाला.

तीन आठवड्यांपूर्वी तो निघाला. तन्वीचा पापा घेतला, बॅग उचलली. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. कितीही घाई असो, कितीही भांडण झालेलं असो, दारातून निघताना हा माणूस 'येतो' म्हटल्याशिवाय गेलेला नाही.

त्या दिवशी त्याने बूट घातले. माझ्याकडे न बघताच म्हणाला...

"जातो."

लिफ्टचं दार बंद झालं.

या शनिवारी जहाज तिथे लागतंय. मी त्याला रोज एकच मेसेज पाठवते. 'एकदा फक्त येतो म्हण.'

दोन निळ्या खुणा लगेच उमटतात. उत्तर मात्र अजून आलेलं नाही.