झोपण्याआधी कार्डाला सांगावं

“इथे बसू? की तुम्ही आजही मधेच गायब होणार आहात?”

ओतकारने मान वर केली. ब्लांका! गेल्या महिन्यात एकाच सॉकेटसाठी दोघांचे हात एकदम पुढे आले होते, आणि मग तासभर गप्पा...

महिन्यातून एका शनिवारी, दुपारी, चेक शहर ब्रनोच्या या बिअरघरात लिनक्स संगणकप्रणाली वापरणारे जमत. निघताना टेबलावर दोनदा टकटक केली, की निरोप झाला. ओतकार त्या दिवशी टकटक न करताच निघून गेला होता. का? – हे कोडं ब्लांकाला महिनाभर सुटलं नव्हतं.

तिने लॅपटॉप पुढे सरकवला. “झाकण मिटलं की झोपतो. उघडलं की गोठलेला! सोमवारी मी डोंगरावरच्या हवामान केंद्रावर चाललेय. थेट ऑक्टोबरपर्यंत.”

“ऑक्टोबर...” ओतकारने बिअरचा मग खाली ठेवला. कडेच्या खाचेतलं नेटवर्क कार्ड त्याने बोटाने चाचपलं. “झोपण्याआधी याला कुणी सांगतच नाही.”

“काय सांगायचं?”

“वीज जाणार आहे, आवरून घे. न सांगता वीज तोडली की कार्ड सगळं विसरतं. लॅपटॉप मात्र जागा होऊन त्याच्याशी बोलायला जातो... आणि उत्तराची वाट बघत बसतो.”

“बिचारा,” ब्लांका म्हणाली. “मीही बसले होते.”

ओतकारचे कान लाल झाले. तो घाईने चार ओळी टाइप करू लागला – झोपताना कार्ड सोड, जागं झाल्यावर पुन्हा धर.

“पण खाचेत तेच कार्ड आहे, हे कसं कळतं?”

“विचारायचं, तू कोण? कार्डाच्या पोटात त्याची ओळख लिहिलेली असते.”

“आणि मधे कुणी दुसरंच घातलं तर?”

“तर जुनं विसरायचं. नव्याशी पहिल्यापासून सुरुवात.”

“इतकं सोपं?”

“यंत्राला...”

तिने झाकण मिटलं. दहा मोजले. उघडलं.

टिट... टिट!

“पहिला आवाज – ओळखलं. दुसरा – तयार आहे,” ओतकार म्हणाला.

झालं. आता थांबायला कारण उरलं नाही. ब्लांकाने पिशवी उचलली.

“त्या दिवशी,” तो घाईने म्हणाला, “टकटक केली असती तर तो खरंच निरोप झाला असता. मला तो घ्यायचा नव्हता. म्हणून...”

“म्हणून न सांगता गेलात? धन्य आहे तुमची!”

“चुकलंच. म्हणून आज आधी सांगतो. तुम्ही मला आवडता. ऑक्टोबरात विचारलंत, तू कोण, तर मी तोच असेन. याच खुर्चीत.”

ब्लांकाने वाकून टेबलावर बोटाने टक्‌ केलं. एकदाच. आणि दाराबाहेर पडली.

एकदाच? ओतकार टेबलाकडे बघत राहिला. ओळखलं... आणि पुढे?

शेजारच्या खिडकीत सावली हलली. बाहेर पावसात, पिशवी डोक्यावर धरून, ब्लांका हसत उभी होती.

टक्‌!