सतरा नंबरचं राहिलेलं पत्र

ती त्या बंदराच्या गावी गेली ती फक्त एक जुनी वही बघायला. आठ दिवसांचं काम, पाठीवर एक सॅक, आणि सॅकमध्ये कपडे कमी, झेरॉक्सचे गठ्ठे जास्त.

इतिहासाच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष. सहा पेपर, दोन निबंध आणि वर प्रबंध. घरी तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणापासून ती एका जागी कधी बसलीच नाही. परक्या देशात उतरली तेव्हाही परत गेल्या गेल्या द्यायच्या पेपरच्या नोट्स तिच्या हातात होत्या.

उतरायला आत्याचं घर होतं. आत्या तिथल्या दवाखान्यात नर्स, दोन खोल्यांत एकटी राहायची. तिने भाचीला सोफा दिला आणि पहिल्याच सकाळी सुनावलं, "लोक दोन दगडांवर पाय ठेवतात, तू चार दगडांवर ठेवतेस. पडशील एखाद्या दिवशी."

"चार दगडांना चार पाय लागतात, आत्या. म्हणून तर गाढवासारखी राबतेय."

विषय तिने स्वतः हट्टाने घेतला होता. पंच्याण्णव वर्षांपूर्वी तापाची साथ आली, तेव्हा बोटीने आलेल्या माणसांना बंदरावरच अडवून एका इस्पितळात कोंडलं होतं. लहान मुलांना वेगळं काढून अनाथगृहात पाठवलं. अनाथगृहाच्या छापील अहवालात एक वाक्य होतं: बहुतेक आया मुलांना टाकून निघून गेल्या. हे वाक्य पुढच्या प्रत्येक पुस्तकाने जसंच्या तसं उचललं. भिंगरीला ते पटत नव्हतं. पण न पटणं हा काही पुरावा नव्हे.

"आठ दिवसांत एक तरी कागद आण," मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर आल्यावर विषय बदलू. उगाच वर्ष वाया घालवू नकोस."

ते इस्पितळ आता जुन्या कागदपत्रांचं दफ्तर झालं होतं. खाली तळघरात कागद, वर वाचायची खोली. ही खोली म्हणजे पूर्वीचा बायकांचा वॉर्ड. लांबच लांब, उंच खिडक्यांची. भिंतींवर चुन्याचे किती हात बसले होते कोण जाणे, पण प्रत्येक खाटेचा काळा आकडा अजून खालून दिसत होता. रेकॉर्ड सांभाळणारे काका निवृत्तीला आलेले, कोपरावर विटलेला स्वेटर घालून खालीच बसायचे. "फक्त पेन्सिल," त्यांनी पहिल्या दिवशी बजावलं. "शाई सांडलीस तर मी एकवेळ माफ करीन, साहेब करणार नाहीत."

वही वॉर्डातल्या नर्सची होती. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्या बायकांची पत्रं ती आधी वहीत उतरवून घ्यायची. सोळा पत्रं होती. एकीने कळवलं होतं, माझी छत्री धाकट्याला देऊ नका, तो हरवतो. एकीने नवऱ्याला चार ओळी झापलं होतं आणि पाचव्या ओळीत जेवतोस का म्हणून विचारलं होतं. वाचताना भिंगरी हसायची, मग डोळे पुसायची. सोळाव्या पत्रानंतर वेगळ्या पानावर एकच ओळ होती: 'सतरा नंबर. आज बोलवत नाही म्हणाली. उद्या लिहायचं.' पुढे सगळी वही कोरी. नर्सलाच ताप चढला होता. चौथ्या दिवशी ती गेली, एवढी नोंद हजेरीपटात होती.

पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला. "पत्रं गोड आहेत गं. पण त्यातून सिद्ध काय होतं?"

भिंगरी पुन्हा वही उघडून बसली.

सहाव्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. दुपारचे तीन वाजले होते, पण खिडक्यांतून राखेसारखा उजेड येत होता. खोलीत ती एकटीच. शेवटचं पत्र ती लॅपटॉपवर उतरवत होती. नजर वहीवर, बोटं आपली चालत होती. कुठूनतरी ओल्या घोंगडीचा आणि फिनेलचा वास आला. फरशी पुसत असतील, तिला वाटलं.

पान संपलं. तिने पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर तीन ओळी जास्त होत्या.

'आज बोलवतंय. तू लिहितेस ना? ती गेली बाई, मला न विचारता गेली...'

तिने वही उलटसुलट पाहिली. या ओळी कुठेच नव्हत्या. तिने हात मांडीवर घेतले. खोली इतकी शांत झाली की स्वतःचा श्वास तिला ऐकू आला. आणि मग कळलं, तो श्वास तिचा नव्हता. उथळ, घरघरत, थांबून थांबून येणारा. भिंतीकडून. जिथे चुन्याखाली सतराचा आकडा होता तिथून. पाठोपाठ लोखंड करकरलं, खाटेवर कुणी कूस बदलावी तसं.

भिंगरी जिना कशी उतरली ते तिला आठवत नाही.

"काका... वर कोण आहे?"

"तू होतीस." काकांनी चष्मा काढला. तिचा चेहरा बघून ते उठून उभे राहिले. "एकवीस वर्षं झाली मला इथे. दुपारनंतर मी वर जात नाही. का, ते विचारू नकोस. मलाही सांगता येणार नाही."

"माझं सगळं वर राहिलंय."

"उद्या सकाळी घे. ऊन आलं की."

ती दाराबाहेर पायरीवर बसली. तिने आत्याला फोन लावला. आत्या ड्यूटीवर होती, मागे ट्रॉलीचा खडखडाट ऐकू येत होता.

"आत्या, एखादा पेशंट... म्हणजे अगदी शेवटचा, तो बोलायला लागला तर तू काय करतेस?"

"खुर्ची ओढून जवळ बसते," ती म्हणाली. "आणि मध्ये बोलत नाही. त्यांना उत्तर नको असतं गं, कुणीतरी ऐकायला हवं असतं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण त्यांना आपल्यापेक्षा जास्त वाटत असते."

उद्या लिहायचं, असा कुणीतरी शब्द दिला होता. तो उद्या उजाडलाच नव्हता. भिंगरी उठली, काकांच्या टेबलावरचे चार कोरे कागद घेतले आणि वर गेली. काकांनी अडवलं नाही. फक्त जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

तिने खुर्ची ओढली. सतराच्या आकड्याजवळ बसली. पेन्सिल धरली.

"सांगा," ती म्हणाली. "मी लिहितेय."

आवाज कानात आला नाही, मानेवर आला. गार, अगदी जवळून.

"लेकीला लिहायचंय... दोन वर्षांची आहे. दाराशी घेतली माझ्याकडून. गळ्यात नऊ नंबरचा बिल्ला घातला... ताप उतरला की परत देऊ म्हणाले..."

भिंगरी लिहीत गेली. लेकीचं नाव लिहिलं. ते कुणी ठेवलं, का ठेवलं, तेही लिहिलं. ती कशी हसते, झोपताना कुठला कान चोळते, ते लिहिलं. मध्ये आवाज थांबायचा, घरघर वाढायची, भिंगरी थांबून राहायची. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

"लिही... मी तिला टाकली नाही. मला उठवेना म्हणून आले नाही... एवढं तिला कळू दे..."

मग खूप वेळ काहीच नाही. वास गेला. खिडकीत साधा संध्याकाळचा उजेड होता. खाली काकांनी घसा साफ केला, आणि इतका ओळखीचा माणसाचा आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

आता हे पत्र प्रबंधात घालणार कसं? तळटीप कुणाची देणार? भिंतीची? भिंगरी खुळी नव्हती. सातव्या दिवशी तिने काकांकडून अनाथगृहाचं रजिस्टर मागवलं आणि नऊ नंबर काढला: 'मुलगी, वय दोन. आई टाकून गेली.' खाली तारीख. शेजारी तिने इस्पितळाचं मृत्यूचं रजिस्टर ठेवलं. सतरा नंबरची बाई त्या तारखेच्या आदल्या दिवशी वारली होती, आणि नातेवाईक या रकान्यात लिहिलं होतं: 'मुलगी, बिल्ला नऊ.' पंच्याण्णव वर्षांत ही दोन रजिस्टरं कुणी एका टेबलावर ठेवलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत अशा अकरा आया सापडल्या. एकही टाकून गेली नव्हती.

"अगं, हा नुसता प्रबंध नाही," बाई फोनवर ओरडल्याच. "तुला कळतंय का काय सापडलंय ते?"

आठव्या दिवशी, विमान संध्याकाळचं, तर सकाळी ती आत्याला घेऊन एका बेकरीत गेली. नऊ नंबरला दत्तक घेतलेल्या घराचा पत्ता रजिस्टरमध्येच होता. दुकान अजून चालू होतं. गल्ल्यावर सत्तरीची बाई, हाताला पीठ. नऊ नंबरची लेक.

दोन रजिस्टरांचे फोटो तिने शांतपणे पाहिले. मग पेन्सिलीने लिहिलेले चार कागद हातात घेतले.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," भिंगरी म्हणाली. "सांगितलं दुसऱ्या कुणी."

वाचता वाचता बाई पिठाच्या पोत्यावर बसली. "आई म्हातारपणी एकच विचारायची हो," ती म्हणाली. "मी काय केलं होतं की मला टाकली? मरतानासुद्धा..." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे नाव. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं."

आत्या तिच्याजवळ जाऊन बसली. मध्ये काही बोलली नाही.

भिंगरीने पेपर दिले, प्रबंध दिला. वर्षअखेरीस शिष्यवृत्ती मिळाली, उरलेल्या आयांचा शोध घेण्यासाठी. ज्या दुपारी तिने पुढच्या प्रवासाचं तिकीट काढलं, त्याच दुपारी पोस्टाने काकांचं जाड पाकीट आलं.

'तू गेल्यापासून,' काकांनी लिहिलं होतं, 'अधूनमधून सकाळी वरच्या टेबलावर वाचकांच्या मागणीचे छापील अर्ज भरलेले सापडतात. रात्री खोलीला कुलूप असतं. नावाच्या जागी नुसता आकडा, अक्षर प्रत्येकाचं वेगळं. वाचकाच्या भेटीची तारीख मात्र सगळ्यांनी एकच लिहिली आहे. तुला काही अर्थबोध होतोय का?'

सोबत तेवीस अर्ज होते. पाकिटावर पोस्टाचा शिक्का बारा दिवसांपूर्वीचा होता. भिंगरीने तारीख वाचली, आणि नुकतं छापलेलं तिकीट शेजारी ठेवलं.

तीच तारीख होती.