गेर्डाबाईंचा उंबरठा

त्या दिवशी मी नाशिकच्या बाजारात, रविवार कारंज्याला गेले होते, मॉडेलसाठी सनबोर्डचे हलके तक्ते आणि सागाच्या बारीक पट्ट्या आणायला. दुकानदार म्हणाला, "आजी, या वयात कशाला दगदग? नातीला पाठवायचं." मी म्हटलं, "नातीला सांधा कळत नाही. तू पट्ट्या दाखव."

नाशिक रोडला आमचं घर आहे. खाली ऑफिस, वर आम्ही. नकाशे काढणारे आमचे मालक, कोंडाजी, गेले. आता मुलगा अमोल आणि नात वेदिका घरांचे नकाशे काढतात, आणि त्या घरांची मॉडेलं मी करते. माझी शाळा चौथीपर्यंत. नकाशा वाचायला मला कोणी शिकवलं नाही. कोंडाजींच्या खांद्यावरून बघून बघून शिकले, आणि ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी माझं काम येऊन बघावं.

तेव्हा हातात काम होतं ते जर्मनीचं. वेदिका तिकडे शिकायला होती, तिनेच आणलेलं. तिथे खाणकामगारांची एक जुनी वसाहत आहे. खालचा कोळसा काढून काढून जमीन पोकळ झाली, घरं खचायला लागली. म्हणून सगळ्यांना थोडं लांब नवी घरं बांधून द्यायची. सगळे तयार झाले, एक म्हातारी सोडून. गेर्डाबाई. वयाने माझ्या बरोबरीची. डोक्यावरचं छप्पर कधी खाली येईल नेम नाही, पण बाई हलेना. कॉम्प्युटरवरच्या चित्रांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणून माझं मॉडेल. ते पटलं तरच ती घर सोडणार होती.

मी प्रत्येक घराला उंबरठा लावला. सागाचा, काडेपेटीतल्या काडीएवढा.

अमोल बघून म्हणाला, "आई, हे काय? तिकडची म्हातारी माणसं चाकांच्या खुर्चीवर असतात. उंबरठा चालत नाही."

"उंबरठ्याशिवाय घर? मग घरात आणि रस्त्यात फरक काय राहिला?"

"तिकडचा नियम आहे तो."

"नियम करणाऱ्याच्या घरात कधी नको ते शिरलं नसेल."

तो हसला. माझे गुडघे मला माहीत आहेत, त्यामुळे खुर्चीचं म्हणणं पटलं. ब्लेड घेतलं आणि एकेक उंबरठा सोलून काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमोल आणि वेदिका सिन्नरला साइटवर गेली होती. ऑफिसात मी एकटी. डिसेंबरचं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत येऊन थांबलेलं. पंखा बंद होता, रस्त्यावरही चिटपाखरू नव्हतं. आधी वास आला. आटलेल्या विहिरीच्या तळाशी असतो तसला कोंदट, ओला, आणि त्यात जळलेल्या दगडाचा.

मग मॉडेलवर काहीतरी काळं दिसलं. मला मुंग्या वाटल्या. भिंग धरलं, तर ती पावलं होती. बुटांची. तांदळाच्या दाण्याएवढं एकेक, टाचेचे खिळेसुद्धा उमटलेले. मॉडेलच्या ज्या कडेला जुनी खाण दाखवली होती तिकडून ती वर आली होती. एका घरात शिरून बाहेर, मग शेजारच्या घरात, तिथूनही बाहेर. सगळी घरं नवी, सगळी सारखी. कोणीतरी आपलं घर शोधत होतं, आणि ते सापडत नव्हतं.

मी बोट लावलं. ओलं होतं.

"कोण आहे?" मी मोठ्याने विचारलं. भीती वाटली नाही असं खोटं कशाला सांगू... पण माझ्या टेबलावर मला न विचारता कोणी चालायचं नाही.

कुठल्यातरी घरातून खोकल्याचा आवाज आला. अगदी बारीक. तोंडावर हात दाबून खोकावं तसा.

मी रस्ते ओल्या फडक्याने पुसले आणि सगळे उंबरठे परत चिकटवले. एकही तिरका लागला नाही.

सकाळी खाली येऊन बघते, तर पावलं परत आलेली. पण या वेळी दारांपर्यंतच. प्रत्येक उंबरठ्याबाहेर ओला काळा डाग होता, रात्रभर कोणी ताटकळत उभं राहावं तसा. मी दोघांना बोलावलं.

"शाई सांडली असेल, आई."

"शाईला टाचा असतात का रे?"

अमोलने भिंग वेदिकाकडे दिलं. वेदिकाने भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवून दिलं.

तेवढ्यात गेर्डाबाईंचा व्हिडिओ कॉल आला, आधीच ठरलेला. पडद्यावर पांढरे केस, मागे तडकलेली भिंत. वेदिकाने मॉडेल दाखवलं. म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि एकदम तोडून काहीतरी बोलली.

"आजी, त्या म्हणतात, दारात ती काठी कशाला? काढा."

"खुर्ची अडते म्हणून?"

वेदिकाने विचारलं. उत्तर सावकाश आलं.

"नाही... त्यांचे वडील खाणीत उतरले ते वर आलेच नाहीत. काही जणांना काढता आलं नाही, खालचा रस्ता तसाच बुजवून टाकला. तेव्हा त्यांच्या आईने दारातली पायरी फोडून जमिनीबरोबर केली. दमून आलेला माणूस अडखळायला नको म्हणून." वेदिकाचा आवाज उतरला. "त्या म्हणतात, ते येतात. नव्या घरात त्यांना येता येणार नसेल, तर मी इथेच राहीन. पडू दे छप्पर."

अमोल हळूच म्हणाला, "आई, सगळेच काढून टाक ना."

"सगळे नाही. बाकीच्यांनी कोणाला बोलावलेलं नाही. तिकडे बांधताना तुमचा नियम पाळा, या टेबलावर माझा. वेदिका, विचार तिला, तिचं घर कुठलं?"

गेर्डाबाईंनी सांगितलं. झाडाशेजारचं, कोपऱ्यातलं. मी ब्लेडने त्याच घराचा उंबरठा काढला आणि मॉडेलवर वाकले.

"ऐका रे! ज्याची ही लेक आहे त्याने आत जावं. बाकीच्यांनी माघारी फिरावं. माझ्या कामावर गर्दी खपवून घेणार नाही मी."

"आजी, हळू... त्या ऐकतायत."

"ऐकू दे. जर्मनमध्ये सांग तिला."

वेदिकाने सांगितलं. म्हातारी खळखळून हसली. "म्हणतात, तुम्ही अगदी त्यांच्या आईसारख्या ओरडता."

आणि आमच्या डोळ्यांदेखत एका डागापासून पावलं सुटली. रस्ता ओलांडून, झाडाला वळसा घालून, कोपऱ्यातल्या घरात. बाहेर आली नाहीत. पडद्यावर गेर्डाबाई डोळे पुसत मान हलवत होत्या. वेदिका म्हणाली, "आजी, त्या तयार आहेत. घर सोडतायत."

कॉल संपला. बाकीचे डाग खाणीच्या कडेकडे ओघळत गेले. एक मात्र तिकडे गेला नाही. त्याची पावलं उलट्या दिशेने, मॉडेल संपलं तिथून टेबलावर आली होती. टेबलाच्या पायावरून खाली उतरताना ती चिंचोक्याएवढी झाली, आणखी खाली लहान मुलाच्या पावलाएवढी, आणि फरशीवर पुऱ्या माणसाची. ती थेट जिन्यासमोरच्या खुर्चीपाशी जाऊन थांबली होती. खुर्चीची गादी दबलेली होती.

"आई, बाहेर चल..." अमोलने माझा दंड धरला.

"तू वेदिकाला घेऊन जा. दार लोटून घे."

ती दोघं गेली. मी स्टूल ओढलं आणि जिन्याच्या तोंडाशी, त्या खुर्चीसमोर बसले.

"तुझं तिकडे कोणी उरलं नसेल," मी म्हटलं. "म्हणून बसायला ना नाही. पण वर माझ्या लेकराबाळांचं घर आहे. तिथे जायचं तर मला ओलांडून जावं लागेल, आणि मला अजून कोणी ओलांडलेलं नाही."

बराच वेळ काही झालं नाही. मग खुर्चीखाली नाड्या सोडल्याचा आवाज आला. एक बूट काढून बाजूला ठेवल्याचा... मग दुसरा. घरात शिरण्याआधी काढतात तसे.

गादी हळूहळू वर आली.

मी जागची हलले नाही. पुढचं पाऊल माझ्या पायाला लागून उमटलं. अनवाणी.