चौथ्या सिलिंडरचा ताप

“ताप कुणाला आलाय?” इंदुमतीनं विचारलं. समोरच्या माणसाला दोनशे अंशांच्या वरचा ताप मोजायचा होता, म्हणून.

“चौथ्या सिलिंडरला,” तो म्हणाला. “बाकी तिघांची तब्येत ठणठणीत आहे.”

१९७४चा जानेवारी. विश्रामबागच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती नुकतीच नोकरीला लागली होती. आणि दारात हा उभा... हाताला ग्रीस, डोळ्यांत विनंती कमी नि खोडी जास्त. नाव हंबीरराव. हवाई दलात फिटर होता. आता माधवनगरला बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये एका माणसापुरतं विमान बांधत होता. इंजिन भंगारातल्या परदेशी मोटारीचं. त्याला पाणी नाही, रेडिएटर नाही, वाऱ्यानंच गार व्हायचं. मागचा चौथा सिलिंडर तेवढा हट्टाला पेटला होता.

तापमापक द्यायचं तर सोबत आपण जायचं, असं तिनं ठरवलं. दोन तारा सिलिंडरला जोडायच्या आणि मापकाच्या डबीतली सुई किती हलते ते बघायचं. दोनशे तीस अंशांवर तिनं काचेवर लाल खूण केली. सुई खुणेला लागली की इंजिन बंद, ही तिची अट. त्यानं मान डोलावली, जरा जास्तच आज्ञाधारकपणे.

मग दर रविवार तसाच. पत्र्याचं काम इलियासभाईंचं, आणि लोकांनी बोलू नये म्हणून त्यांची बायको हुसेनबी उंबऱ्यात बसलेली. सहाव्या मिनिटाला सुई लाल खुणेला भिडायची, आणि हंबीरराव इंजिनावरच्या झाकणाचं पुढचं तोंड आणखी कापायचा. वारा जास्त यायला हवा, म्हणायचा. तरी ताप वाढतच होता. इंदुमती सुईवर नजर ठेवायची. कधी नजर उचलून बघायची तर तो सुईकडे नाही, तिच्याकडे बघत असायचा... हुसेनबी म्हणे, बाई, तुमच्या डबीत यांचाही ताप मोजा एकदा.

पण तिला हसू येईना. तापून पिस्टन अडकला तर विमानाचा पंखा थांबणार, हे तिला कळत होतं. खाली ऊस आणि कृष्णा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पंख सुटे करून ट्रकनं विमान कराडच्या धावपट्टीवर नेलं. उड्डाणाची परवानगी दुसऱ्या दिवशीच्या एकाच रविवारची होती, आणि सोमवारी त्याला नाशिकला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. साताऱ्याच्या अलीकडं, विमानानं पंचवीस मिनिटांवर त्याचं गाव. आई, बनुबाई, विमान बघायला खळ्यावर उभी राहणार होती. लेक विमानातून येणार, असं तिनं गावभर सांगितलं होतं.

इंदुमतीनं डबी हातात घेतली आणि काचेवरची खूण बघितली.

“खूण कुणी सरकवली?”

तो पाना पुसत राहिला.

“मी दोनशे तीसवर केली होती. ही दोनशे साठवर आहे.”

“मीच,” तो म्हणाला. “एकच रविवार आहे, मास्तरीणबाई... निभावून जाईल.”

“मग तापमापक कशाला मागितलंत? ताप बघायला की झाकायला?”

रडू येईल या भीतीनं तिनं कामाला हात घातला. पिशवीतल्या विणकामाची लोकर तोडून झाकणाच्या तोंडाभोवती धागे चिकटवले, इंजिन चालू करायला लावलं आणि पंख्यापासून लांब, बाजूला उभी राहिली. आत ओढले जायला हवे होते ते धागे बाहेर फडफडत होते. वारा तोंडाशी येऊन परत फिरत होता.

तिच्या वडलांचं वाळव्याला गुऱ्हाळ. चुलाणाचा जाळ कोंडला की गुळव्या आधी कुठं बघतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. इंजिन थांबल्यावर रागात तिच्या तोंडून गावचीच बोली निघाली.

“आवं, तोंड मोठं करून चुलाण पेटतंय व्हय? धुराडं बघा की. वाऱ्याला भाईर जायला वाट कुठं हाय?”

हंबीररावानं वाकून झाकणाखाली हात घातला. वारा बाहेर पडायची खालची फट जेमतेम दोन बोटांची होती.

दिवस मावळेपर्यंत इलियासभाईंनी खालची वाट तिप्पट मोठी केली, पुढचं तोंड लहान केलं. वारा नुसता वरून निसटू नये, सिलिंडरभोवतीच्या गार करणाऱ्या पाकळ्यांमधूनच खाली जावा, म्हणून सगळ्या फटींत पट्ट्या बसवल्या. जमिनीवर दहा मिनिटं झाली तरी सुई खुणेखाली राहिली. खूण पुन्हा दोनशे तीसवर होती. हंबीररावानंच पुसून केली होती.

पण आकाशातलं कुणाला माहीत...

रविवारी सकाळी विमान उठलं. पंचवीस मिनिटं जायला, गावावर एक घिरटी, पंचवीस यायला. इंदुमती घड्याळाकडे बघत होती. सहावं मिनिट गेलं. दहावं गेलं. आवाज कधीच विरला होता. सुई त्याच्याजवळ होती आणि तिच्याजवळ नुसता घड्याळाचा काटा.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला आवाज आला.

इतक्या लवकर? इलियासभाई पाण्याची बादली घेऊन धावले. विमान उसावरून खाली आलं, एकदा उसळलं, दुसऱ्यांदा टेकलं आणि थांबलं.

तो खाली उतरला. ती जवळ गेली.

“तेराव्या मिनिटाला सुई खुणेला लागली,” तो म्हणाला. “चढताना तापलं. फिरलो मागं आणि सावकाश आलो.”

“पुढं गेला असतात तर... पोचला असतात?”

“कदाचित.” त्यानं टोपी काढली. “आईपर्यंत जायची लय इच्छा होती. पण हातच वळला. वाटलं, इथं कोणीतरी मिनिटं मोजतंय.”

तिला वाटलं, आता रडलं तरी चालेल. ती रडली नाही.

“ती अजून खळ्यावर उभी असेल,” तो हळूच म्हणाला. “कुठल्या तोंडानं जाऊ?”

इंदुमतीनं पदर खोचला.

“साडेदहाची एस्टी आहे साताऱ्याची,” ती म्हणाली. “मी येते तुमच्याबरोबर. मीच सांगते त्यांना, का फिरलात ते.”

“आणि तुम्ही कोण, म्हणून विचारलं तर?”

ती वळून चालू लागली होती. चार पावलांवर थांबली...

“ते तुम्ही सांगा. खरं तेच सांगा मात्र.”