गुहेतून आलेली हाक

चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून तपासून थोरलीचेच डोळे शिणले होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी धाकट्या भावाने तिला सायकलवरून समुद्राकाठच्या पार्कात ओढून नेलं. भाऊ बस चालवायचा. चढावर तिला धाप लागली की तो मागे वळून ओरडे, "ताई, पुढचा थांबा गुहा! उतरणाऱ्यांनी दाराशी यावं!" त्याच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता.

फाटकापाशी सायकली लावून दोघं पायवाटेने कड्याखाली उतरली. ओले खडक, शेवाळाचा खारट वास. गुहा खरोखरच देखणी होती. छताच्या भगदाडातून उन्हाचा झोत आत उतरला होता आणि त्याखालचं पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं दिसत होतं. भाऊ फोटो काढायला आतल्या वळणाआड गेला. ताई बाहेर खडकावर बसली.

लाटा जवळ येऊ लागल्या तशी तिने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, तेव्हा तो बाहेर आला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"किती वेळ रे! दाखव फोटो."

"नंतर," तो म्हणाला. "चल."

चढताना तो चकार शब्द बोलला नाही. दमला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. वाटेच्या वळणावर पोचतात तोच खालून आवाज आला.

"ताई! पाय अडकलाय गं. लवकर ये!"

आवाज भावाचा होता. भाऊ तिच्या शेजारी उभा होता.

"ऐकलंस?"

"वारा आहे."

"ताई, पाणी चढतंय!"

ती ठेचकाळत उलटी धावली. गुहेच्या तोंडाशी कमरेएवढ्या लाटा आपटत होत्या.

"कोण आहे आत?"

"कोण म्हणजे? मीच! ताई, मघाशी तू कुणाबरोबर निघून गेलीस?"

तिने वर पाहिलं. वळणावर भाऊ तसाच उभा होता.

ती पाण्यात शिरली. लाटेने तिला खडकावर भिरकावलं. ती सावरेपर्यंत गुहेचं तोंड बुडालं होतं.

हाक थांबली होती.

भावानेच खाली येऊन तिला उठवलं. फाटकावरच्या रखवालदाराला तिने ओहोटीनंतर आत शोधायला लावलं. आत काहीच सापडलं नाही. "बाई, भाऊ तर तुमच्या शेजारीच आहे," तो म्हणाला.

भाऊ पुन्हा कामावर जाऊ लागला. वेळेवर जेवायचा, उलट बोलायचा नाही. आई खूश होती. ताई मात्र त्याच्याकडे पाठ करून बसेना.

एका संध्याकाळी ती दुकानातून परतली. आईने विचारलं, "दुपारी मध्येच कशी आलीस गं? आणि न भेटताच गेलीस?"

"मी? मी दिवसभर दुकानातच होते."

"काहीतरीच! त्याच्या खोलीतून तुझा आवाज येत होता की. पाठ करावं तसं एकच घोकत होतीस, 'आई, जरा आत ये. आई, जरा आत ये.' माझे हात ओले होते, म्हणून नाही आले."